सर्वांत वरचा मजला लोकांसाठी ठेवा

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



नरिमन पॉइंटची एअर इंडियाची 23 मजली इमारत राज्य सरकारने विकत घेतली. नोव्हेंबर 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 1,601 कोटी रुपये मोजायचे ठरवले आणि मार्च 2024 मध्ये केंद्राने मान्यता दिली. 2012 साली मंत्रालयाला आग लागल्यापासून सरकारी कार्यालये शहरभर विखुरली आहेत, त्यांतली बरीच भाड्याच्या जागेत आहेत. ती मंत्रालयाच्या जवळ आणायची तर ही खरेदी योग्यच होती. हे पत्र त्या इमारतीतल्या एकाच मजल्याबद्दल आहे. सर्वांत वरचा मजला कोणत्याही खात्याला, कोणत्याही सचिवांच्या दालनाला किंवा कोणत्याही बैठकीच्या सभागृहाला देऊ नये. काचबंद, सुरक्षित आणि कोणालाही परवडेल असा निरीक्षण मजला म्हणून तो जनतेसाठी उघडावा, एवढीच विनंती आहे.

मागणी लहान वाटेल. पण मुंबईत गेल्या पंचवीस वर्षांत जे आभाळ विकले गेले त्याचा हिशेब मांडला, तर ती लहान राहत नाही.

या शहरात उंच इमारतींची वानवा नाही. वरळीची पॅले रॉयाल सुमारे 320 मीटर उंच आहे, महालक्ष्मीची मिनर्व्हा 300 मीटरच्या आसपास, लोअर परळची वर्ल्ड वन 280 मीटर. ताडदेवच्या इम्पीरियलचे जुळे मनोरे 2010 पासून अडीचशे मीटरच्या वर उभे आहेत. या सगळ्या खासगी निवासी इमारती. त्यांच्या माथ्यावरून मुंबई पाहायची तर तिथे घर असायला हवे. तेवढे नसेल तर एखाद्या तारांकित हॉटेलच्या गच्चीवरच्या बारमध्ये बसायचे आणि एका पेयाला घरातल्या आठवड्याच्या भाजीचे पैसे मोजायचे. तिसरी एक वाट आहे, ती मजुरांची. पन्नासाव्या मजल्यावर सळया बांधणाऱ्याने, काच बसवणाऱ्याने, लिफ्टच्या पोकळीत वायर ओढणाऱ्याने हे शहर सर्वांत वरून पाहिलेले असते. इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की त्याचे वर जाणे संपते. खाली फाटकावर नाव लिहून घेतल्याशिवाय त्याला आवारातही शिरता येत नाही.

पूर्वी असे नव्हते असे म्हणणे धाडसाचे होईल, पण थोडे वेगळे नक्कीच होते. मुंबई पाहायला येणाऱ्या माणसाला मलबार हिलवर नेण्याची रीत होती. कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट, समोरचे हँगिंग गार्डन आणि कठड्याशी उभे राहून दिसणारी मरीन ड्राइव्हची कमान. सांगोल्याहून किंवा अक्कलकुव्याहून शाळेची सहल आली की एसटीची लाल गाडी इथे थांबणार हे ठरलेलेच. जवळच्या नाझ कॅफेच्या गच्चीवर चहा घेत संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या, म्हणजे राणीच्या हारातले दिवे पेटताना पाहणे ही मध्यमवर्गीय कुटुंबाची चैन होती. नाझ बंद होऊन बरीच वर्षे झाली. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 1878 साली पूर्ण झाला, त्याची उंची 280 फूट. एके काळी लोक त्यावर चढत असत. तिथून उड्या टाकून जीव दिल्याच्या घटना घडल्या आणि वर जाण्याची वाट बंद झाली. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा जवळपास 300 मीटरचा आहे, पण तो प्रक्षेपणासाठी उभारलेला सांगाडा. सागरी सेतूवर पायी जाता येत नाही. एकेक करून शहरातल्या बहुतेक उंच जागा एक तर बंद झाल्या किंवा महाग झाल्या.

गिरणगावात याची टोचणी सर्वांत जास्त लागते. वर्ल्ड वन उभी आहे ती श्रीनिवास मिलच्या जागेवर आणि पॅले रॉयाल श्रीराम मिलच्या. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा त्यांच्या जमिनीचे काय करायचे यासाठी 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम 58 आले. त्याचा ढोबळ अर्थ असा होता की एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. 1996 मध्ये वास्तुकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने साऱ्या गिरणी जमिनींचा एकत्र विचार करून आराखडा करायला सांगितले. 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ त्या वेळी मोकळ्या असलेल्या जमिनीला लागू झाली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या हाती सलग मैदानांऐवजी तुकडे आले.

जमिनीवर मोकळी जागा मिळाली नाही आणि वरच्या आभाळातही वाटा मिळाला नाही. वर्ल्ड वन मुळात 442 मीटर उंच व्हायची होती, ती विमानतळ प्राधिकरणाच्या परवानगीअभावी 280 वर थांबली. म्हणजे विमानांसाठी किती आभाळ सोडायचे याचा नियम आहे. चटई क्षेत्र किती, दोन इमारतींत अंतर किती, आग लागली तर आसरा घ्यायला मोकळा मजला कुठे, या प्रत्येकाचे नियम आहेत. माणसांनी वर जाऊन शहर पाहावे यासाठी मात्र तशी सक्ती दिसत नाही.

वाढीव चटई क्षेत्राच्या बदल्यात सार्वजनिक सोय मागणे आपल्या नगरविकास खात्याला नवे नाही. नियमावलीच्या 33(24) या कलमाखाली बिल्डरने सार्वजनिक वाहनतळ बांधून महापालिकेला दिला तर त्याला जादा चटई क्षेत्र मिळत असे. त्या वाहनतळांवरून वर्षानुवर्षे वाद झाले, पॅले रॉयालचा तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या योजनेच्या भल्याबुऱ्यात इथे शिरायचे नाही. तिच्यावरून एवढे मात्र कळते की गाड्या उभ्या करायला खासगी टॉवरच्या पोटात सात-आठ मजले मागायचे धैर्य या राज्याने दाखवले होते. माणसांसाठी एक मजला मागणे त्याहून अवघड नाही. यासाठी आणखी चटई क्षेत्र वाटावे असे मात्र मुळीच नाही. निरीक्षण मजल्याचे निमित्त करून एकाही टॉवरला एक चौरस फूट जादा मिळाला तर ही मागणीच फसली म्हणायची.

म्हणूनच सुरुवात सरकारने स्वतःच्या इमारतीपासून करायला हवी, आणि याबाबतीत टोकियोकडे पाहण्यासारखे आहे. शिंजुकू भागातले टोकियो महानगर सरकारचे मुख्यालय केन्झो टांगे यांनी आखले. 243 मीटर उंचीची ही इमारत 1991 पासून वापरात आहे. तिच्या दोन मनोऱ्यांत 45 व्या मजल्यावर, जमिनीपासून 202 मीटर उंचीवर, निरीक्षण मजले आहेत आणि प्रवेश मोफत आहे. तळमजल्यावर पिशव्या तपासल्या जातात आणि लिफ्ट थेट वर नेते. कर्मचारी आणि पाहुणे एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. हवा स्वच्छ असलेल्या हिवाळी सकाळी तिथून फुजी पर्वत दिसतो. दक्षिणेकडच्या मजल्यावर 2019 पासून एक पियानो ठेवलेला आहे, त्यावर चित्रकार यायोई कुसामा यांच्या नक्षीचे ठिपके आहेत, आणि येणाऱ्या कोणालाही तो वाजवता येतो. खालच्या मजल्यांवर शहराचा अर्थसंकल्प लिहिला जात असतो आणि वर कुणाची तरी मुलगी पियानोवर बोटे फिरवत असते. राज्यकारभाराच्या इमारतीत सामान्य माणसाला इतक्या सहज जाता यावे, हा टोकियोचा मोठेपणा.

लंडनने हे खासगी इमारतींकडून करून घेतले. फेनचर्च स्ट्रीटवरच्या, वॉकी-टॉकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टॉवरला परवानगी मिळाली तेव्हा माथ्यावर सार्वजनिक बाग हा सौद्याचा भाग होता. 2015 च्या जानेवारीत ती स्काय गार्डन उघडली. प्रवेश मोफत, पण आधी वेळ नोंदवावी लागते, आणि आत गेल्यावर बागेपेक्षा बार आणि रेस्टॉरंट जास्त दिसते, अशी टीका तिच्यावर पहिल्या दिवसापासून झाली. ती टीका खरी होती. तरीही तिथल्या स्थानिक प्रशासनाने कल्पना सोडली नाही. त्यानंतरच्या उंच इमारतींकडूनही मोफत सार्वजनिक मजले मागितले गेले. 2023 मध्ये बिशप्सगेट रस्त्यावर असे दोन मजले खुले झाले, त्यांतला होरायझन 22 हा 254 मीटर उंचीवर, 58 व्या मजल्यावर आहे. नदीपलीकडच्या शार्ड टॉवरवर जायला भरभक्कम तिकीट पडते आणि इथे काहीच पडत नाही. मुंबईने यातून घ्यायचे ते एवढेच की सार्वजनिक जागेची अट परवानगीच्या कागदात तपशिलाने लिहावी लागते. किती तास उघडी, किती माणसे, किती जागा खाण्यापिण्याला, हे सगळे. मोघम लिहिले की पाच वर्षांत तिथे लग्नाच्या पार्ट्या लागतात.

न्यूयॉर्कचे उदाहरण उलट्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 मध्ये मंदीच्या ऐन तडाख्यात उघडली आणि तिला भाडेकरू मिळेनात. पहिल्या वर्षी निरीक्षण मजल्याच्या तिकिटांतून जवळपास भाड्याइतकेच उत्पन्न आले. हे वाचून अर्थखात्याच्या मनात लगेच तिकिटाचा आकडा येईल. तो येऊ देऊ नये. धंदा म्हणून हा मजला चालवायचा ठरला की दुबईसारखे हजारोंचे तिकीट, वेगवेगळ्या रांगा आणि फोटोचे पैसे हे सगळे मागोमाग येते.

आता मुंबईशी जिव्हाळ्याचे नाते असलेले एक उदाहरण. एडिनबरामध्ये किल्ल्याच्या उतारावर आउटलुक टॉवर नावाची एक जुनी इमारत आहे. 1892 मध्ये पॅट्रिक गेडिस यांनी ती ताब्यात घेतली. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढे आधुनिक नगररचनेचे एक जनक ठरले. त्यांनी टॉवरची मांडणी विचारपूर्वक केली होती. येणाऱ्याने आधी थेट वर जायचे. तिथे आरसा आणि भिंगाच्या रचनेतून खालचे रस्ते, चालती माणसे, गाड्या एका पांढऱ्या टेबलावर उमटताना पाहायच्या, आणि मग बाहेर गच्चीवर येऊन उघड्या डोळ्यांनी तेच शहर पाहायचे. त्यानंतर एकेक मजला उतरायचा. लगेच खालच्या मजल्यावर एडिनबराचे नकाशे आणि माहिती, त्याखाली स्कॉटलंड, मग पुढे युरोप आणि तळाला जग. आधी आपले गाव पाहा, मग त्यापलीकडचे समजेल, असा तो क्रम. शहराबद्दल निर्णय घेण्याचा हक्क नागरिकांचा असेल तर त्यांना शहर अखंड दिसले पाहिजे, असे गेडिस मानत.

हेच गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात आले आणि इथल्या समाजशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. ते 1924 पर्यंत इथे होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी, आणि पुढे तो विभाग घुर्यांनीच सांभाळला. ज्या माणसाने शहराच्या माथ्यावर नागरिकांची शाळा उघडली, तो ज्या मुंबईत शिकवून गेला, त्या मुंबईत आज शंभर वर्षांनंतरही तशी एक जागा नाही. तेही अशा शहरात, जिथे 2015 मध्ये विकास आराखड्याचा मसुदा चुकांमुळे मागे घ्यावा लागला होता. रस्ते भलतीकडे, वारसा वास्तू गायब, मैदानांवर वेगळीच आरक्षणे अशा हरकती हजारोंनी आल्या होत्या. नकाशाची ती पाने वाचायला ज्यांना वेळ आणि शिक्षण होते त्यांनी हरकती घेतल्या. उरलेल्यांना आपला वॉर्ड कुठे सुरू होतो आणि त्यात हिरवे किती उरले हे कळायला दुसरे साधन नव्हते. सरकारी मजल्यावर एका भिंतीशी विकास आराखडा 2034 ची प्रत मोठ्या अक्षरांत लावली आणि समोरच्या काचेतून तेच शहर दिसले, तर गेडिस यांचा धडा पुन्हा सुरू होईल.

एअर इंडियाच्या इमारतीची जागा यासाठी विलक्षण आहे. आजच्या टॉवरांपुढे ती बुटकी वाटेल, पण मरीन ड्राइव्हच्या दक्षिण टोकाजवळ, उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे काहीही आड न येता ती उभी आहे. उत्तरेला समुद्राकाठची सगळी वळणदार रांग, आर्ट डेको इमारतींचे गोल कोपरे, त्यामागे वानखेडे आणि ब्रेबॉर्न ही दोन स्टेडियमे, पुढे गिरगाव चौपाटी आणि मलबार हिलची टेकडी, आणि समुद्रात शिरलेल्या टोकावर राज्यपालांचे निवासस्थान. पूर्वेला ओव्हल मैदान, त्याच्या एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको रांग. 2018 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो हाच समूह, आणि त्याची दोन्ही अंगे एका नजरेत येतात अशी जागा विरळाच. अगदी पायाशी मंत्रालय. दक्षिणेला कफ परेड आणि त्याच्या कुशीतले मच्छीमार नगर, तिथे किनाऱ्याला लागलेल्या होड्या.

ज्या भूमीवर ती इमारत आहे ती एके काळी समुद्र होती, हेही वरूनच कळते. बॅकबेची भरणी 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने, म्हणजे बीडीडीने, गव्हर्नर लॉइड यांच्या काळात हाती घेतली. पैसा पाण्यात जात होता. खुर्शेद फ्रामजी नरिमन नावाच्या तरुण वकिलाने त्या कारभाराचा हिशेब जाहीरपणे मागितला. सरकारी अधिकारी हार्वे यांनी त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि नरिमन निर्दोष सुटले. पुढे ते मुंबईचे महापौर झाले आणि या भागाला त्यांचे नाव मिळाले. शहराच्या जमिनीचे काय चालले आहे हे लोकांना उघड दिसावे यासाठी जो माणूस कोर्टात उभा राहिला, त्याच्या नावाच्या ठिकाणी लोकांसाठी निरीक्षण मजला असणे सर्वथा शोभून दिसेल.

यावरचे आक्षेप हलके नाहीत. सर्वांत पहिला सुरक्षेचा. 12 मार्च 1993 च्या बॉम्बस्फोटांत याच इमारतीच्या तळघरात स्फोट झाला होता. 2008 मध्ये हल्लेखोर मच्छीमार नगरच्या किनाऱ्यावर उतरले. शेजारी मंत्रालय आणि थोड्या अंतरावर नौदलाचा तळ. पण या कारणासाठी मजला बंद ठेवायचा तर गेटवे, सीएसएमटी आणि मरीन ड्राइव्हही बंद करावे लागतील. सुरक्षेचे उत्तर वेगळे प्रवेशद्वार, वेगळी लिफ्ट, ओळखपत्र आणि तपासणी यात आहे. टोकियोत ती होते, आणि मंत्रालयातही अभ्यागतांसाठी ती रोज होतेच.

दुसरा आक्षेप गर्दीचा आणि सुटकेच्या वाटांचा, आणि यात खरोखर माणसे मेली आहेत. 4 डिसेंबर 1981 रोजी कुतुबमिनारच्या अरुंद जिन्यात दिवे गेले, अंधारात पळापळ झाली आणि 45 जण चेंगरून मेले. त्यांत शाळेच्या सहलीला आलेली मुले बरीच होती. तेव्हापासून कुतुबमिनारचा जिना लोकांसाठी बंदच आहे. मुंबईत 2017 च्या सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला मध्यरात्रीनंतर कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या पबना आग लागून 14 जणांचा जीव गेला. त्याच्या दोनच महिने आधी महापालिकेने गच्चीवरच्या हॉटेलांना परवानगी देणारे धोरण मंजूर केले होते. अग्निशमन दलाच्या सर्वांत उंच शिडीची पोच 90 मीटर आहे. त्याहून वर असणाऱ्यांना इमारतीच्या आतली व्यवस्थाच वाचवते, म्हणजे दोन स्वतंत्र जिने, आसऱ्याचा मजला, पाण्याचा दाब आणि वीज गेली तरी चालणारे दिवे. वर एका वेळी किती माणसे असतील हा आकडा अग्निशमन दलाने ठरवावा, पर्यटन खात्याने नव्हे. तो आकडा दारावर लिहावा आणि पाळावा. गुजरातेतल्या स्टॅच्यू ऑफ युनिटीच्या गॅलरीत एका वेळी 200 जणांचीच सोय आहे, तरी तिथले पर्यटन अडलेले नाही. इथे समुद्रावरून येणारा वाराही लक्षात घ्यायला हवा. 2021 च्या तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी 100 किलोमीटरच्या वर वारे नोंदले गेले. त्यामुळे मजला पूर्ण काचबंदच हवा, आणि वादळाचा इशारा असेल त्या दिवशी बंद.

तिसरी गोष्ट बोलायला जड आहे, पण टाळता येत नाही. निराश माणूस उंच जागा शोधतो. 2018 मध्ये मंत्रालयाच्या मधल्या चौकात जाळी लावावी लागली, कारण न्याय मागायला आलेल्यांनी वरच्या मजल्यांवरून उड्या घेतल्या होत्या. उघडी गच्ची आणि कमरेएवढा कठडा इथे चालणार नाही. छतापर्यंत बंद काच, सतत हजर असलेले आणि अशा प्रसंगांसाठी शिकवलेले कर्मचारी, आणि बोलायला मदतीचा क्रमांक. मंत्रालयातल्या त्या जाळीमागचे दुःख काचेने मिटणार नाही. त्याचे उत्तर खालच्या मजल्यांवर, फायलींवर काम करणाऱ्या टेबलांनीच द्यायचे आहे.

हे सरकारला जमणार नाही, अशी शंका काही मुंबईकर घेतील. त्यांना महापालिकेने अलीकडे केलेले एक काम दाखवता येते. मार्च 2025 मध्ये मलबार हिलच्या झाडीतून जाणारा सुमारे 485 मीटरचा उंचावरचा लाकडी मार्ग खुला झाला. मध्ये एक काचेच्या तळाचा कट्टा आहे, तिथून गिरगाव चौपाटी दिसते. तिकीट भारतीयांना 25 रुपये, ऑनलाइन वेळ नोंदवून, पहाटे पाचपासून. दादरला चैत्यभूमीजवळ पावसाळी पाण्याच्या वाहिनीच्या तोंडावर माता रमाबाई आंबेडकर स्मृती व्ह्यूइंग डेक उभारला आहे, तिथे संध्याकाळी कुटुंबेच्या कुटुंबे समुद्र पाहत बसतात. महापालिकेचे मुख्यालय 2021 पासून सुटीच्या दिवशी मार्गदर्शकाबरोबर पाहता येते. कारभार चालू असलेली, वारसा म्हणून नोंदलेली इमारत लोकांना दाखवता येते हे यातून सिद्ध झालेलेच आहे.

एका इमारतीवर थांबू नये, असेही सुचवावेसे वाटते. बॅकबेची भरणी करणाऱ्या त्याच बीडीडीने वरळी, नायगाव आणि डिलाइल रोडला कामगारांसाठी चाळी बांधल्या होत्या. वरळीच्या चाळींचा पुनर्विकास आता म्हाडा करते आहे. 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 40 मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात गेलेल्या माणसांच्या वरच्या गच्चीचे काय करायचे, हा प्रश्न सिंगापूरने एका पद्धतीने सोडवला आहे. तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाची पिनॅकल ॲट डक्स्टन ही वसाहत 50 मजली सात मनोऱ्यांची आहे आणि ते मनोरे 26 व्या आणि 50 व्या मजल्यांवर पुलांनी जोडलेले आहेत. 26 वा मजला फक्त रहिवाशांचा. 50 व्या मजल्यावर बाहेरच्यांना थोडक्या डॉलरच्या तिकिटावर जाता येते, पण दिवसाला ठरावीक जणांनाच. रहिवाशांची शांतता आणि शहराचा हक्क, दोन्हींची सोय एकाच नियमात. म्हाडाच्या पुढच्या टप्प्यांत, रहिवाशांना विचारून आणि त्यांची संमती असेल तरच, असा एक मजला ठेवता येईल. त्याच्या तिकिटाचे पैसे सोसायटीच्या देखभालीला जावेत. चाळीस मजल्यांची लिफ्ट आणि पंप चालवणे चाळीतून आलेल्या कुटुंबांना किती जड जाणार आहे, हे तिथे रोज बोलले जाते.

वांद्रे रेक्लमेशनवर लंडनच्या धर्तीवर महाकाय पाळणा उभारण्याची चर्चा राज्यात अधूनमधून होत आली आहे. त्या पाळण्याला नवी जागा, नवे बांधकाम, किनाऱ्याच्या परवानग्या आणि शेकडो कोटी लागतात. एअर इंडियाच्या इमारतीला त्यांतले काहीच लागत नाही. ती उभी आहे, विकत घेतलेली आहे आणि तिचे नूतनीकरण करावेच लागणार आहे.

म्हणूनच वेळेचा प्रश्न आहे. आतल्या बदलांचे आराखडे एकदा पक्के झाले की वेगळी लिफ्ट, वेगळा प्रवेश आणि दुसरा जिना नंतर घुसवणे भयंकर खर्चाचे होते, आणि मग खर्चाचेच कारण देऊन नकार मिळतो. सार्वजनिक बांधकाम विभागाने आत्ताच अग्निशमन दल, मुंबई पोलीस आणि वास्तुरचनेचे जाणकार यांना एकत्र बसवून वरचा मजला खुला करण्याचा तांत्रिक अहवाल करावा आणि तो मराठीत जाहीर करावा. चालवण्याचे काम कंत्राटदाराला जागा आंदण दिल्यासारखे दिले जाऊ नये. प्रवेश शाळकरी मुलांना मोफत आणि इतरांना फार तर मलबार हिलइतका, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला शेवटच्या काचेपर्यंत जाता येईल असा. आठवड्यातले काही तास जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांच्या सहलींसाठी राखून ठेवावेत. त्या मजल्यावर मुंबईचा विकास आराखडा, भरणीचे जुने नकाशे आणि गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले याची माहिती खरीखुरी लावावी.

मजला किती चौरस फुटांचा ठेवता येईल, लिफ्टची पोकळी कुठून काढायची आणि कोणत्या खात्याला त्यासाठी एक मजला खाली सरकावे लागेल, एवढे तीन प्रश्न आपल्या कार्यालयाने सार्वजनिक बांधकाम विभागाकडे लेखी पाठवावेत आणि त्यांचे उत्तर प्रसिद्ध करावे.

कळावे,

आपला विश्वासू,
एक मुंबईकर